मनोऱ्यावरची घंटा

‘किती वाजले?’ हा प्रश्न आपल्या घरांत दिवसांतून निदान वीस वेळां तरी विचारला जातो. शाळेला निघालेलें मूल तो विचारतें, स्नानाची पाळी साधूं पाहणारा चुलता विचारतो, आणि स्वयंपाकघरांतून तर तो सारखा येतच असतो. उत्तर देणारा भिंतीकडे किंवा मनगटाकडे पाहतो व डोळ्यांना दिसेल तें सांगतो. पण मौज अशी, कीं मूळ प्रश्न डोळ्यांचा नाहींच. तो कानांचा आहे. किती ‘दिसले’ असें आपण कधीं विचारीत नाहीं. किती ‘वाजले’ असेंच विचारतों. टोले देणारीं घड्याळें बहुतेक घरांतून नाहींशीं झालीं, तरी भाषेनें त्यांची आठवण टाकलेली नाहीं.

वेळ ही पाहण्याची नसून ऐकण्याची वस्तु आहे, ही समजूत युरोपखंडांतही होती. इंग्रजी ‘क्लॉक’ हा शब्द ज्या मध्ययुगीन लॅटिन शब्दाच्या कुळांतला आहे, त्याचा अर्थ घंटा असाच होतो. इंग्लंडांतील सॉल्झबरी येथील मोठ्या ख्रिस्तमंदिरांत एक जुनें लोखंडी घड्याळ जतन करून ठेविलें आहे. तें सुमारें १३८६ सालचें मानतात. त्याला तबकडी नाहीं, कांटे नाहींत. दर तासाला टोले द्यावे, एवढेंच त्याचें काम. या घंटेची हकीकत वाचकांपुढें मांडावी असें फार दिवस मनांत होतें. मध्ययुग म्हटलें कीं आपल्यापुढें राजे, किल्ले, लढाया आणि महामारी उभ्या राहतात. पण आपल्या रोजच्या दिवसाला आज जो आकार आहे, तो त्याच युगांतील कांहीं गांवांत, कांहीं लोहारांच्या हातून घडला, ही गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं.

त्यापूर्वीं तास होताच. पण तो आजच्यासारखा नव्हता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा भाग करावयाचे आणि प्रत्येक भागाला तास म्हणावयाचें, अशी रोमन लोकांपासून चालत आलेली रीत होती. आपल्या पुण्याकडे ती फारशी जाचली नसती. येथें वर्षांतील लहानांत लहान दिवस सुमारें ११ तासांचा व मोठ्यांत मोठा सुमारें सव्वातेरा तासांचा. लंडनची गोष्ट निराळी. तेथें डिसेंबरांत दिवस पुरता ८ तासांचाही नसतो आणि जूनमध्यें तो साडेसोळा तासांवर जातो. म्हणजे जुन्या रीतीचा एक तास हिवाळ्यांत सुमारें ३९ मिनिटांचा, तर उन्हाळ्यांत ८० मिनिटांहूनही मोठा! तास हा रबरासारखा ताणला जाई व आखडे. शेतकऱ्याला त्याची अडचण नव्हती. त्याचें काम सूर्याबरोबरच चाले. मठांतील साधूंना मात्र दिवसा सात वेळां आणि रात्रीं उठून एकदां प्रार्थना करावी लागे, व त्यासाठीं कोणी तरी जागत राहून घंटा वाजविणें भाग असे.

आपल्या घटिकेची योजना याहून सरस होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं. अहोरात्राचे साठ सारखे भाग. एक भाग म्हणजे आजचीं २४ मिनिटें. बुडाला बारीक भोंक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटिका झाली. लग्नघरांतलें हें घटिकापात्र वाचकांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं पाहिलेलें असेल. हीच युक्ति दूरच्या देशांतही सांपडते. आज तुर्कस्तानांत असलेल्या दियारबकर शहरीं अल्-जझरी नांवाचा एक कुशल यंत्रकार राजाच्या पदरीं होता. त्यानें १२०६ सालीं पुऱ्या केलेल्या ग्रंथांत एका हत्तीच्या घड्याळाचें वर्णन आहे. त्या हत्तीच्या पोटांत पाण्याची टांकी, आणि टांकींत भोंकाची वाटी! दर अर्ध्या तासानें ती बुडे, दोर ओढला जाई आणि वर बसलेला माहूत हत्तीवर टोला हाणी. त्याहीपूर्वीं, इ. स. १०९० च्या सुमारास, चीनची राजधानी कायफेंग येथें सू सुंग नांवाच्या विद्वान् अधिकाऱ्यानें पाण्याच्या चाकावर चालणारा सुमारें चाळीस फूट उंचीचा घड्याळाचा मनोरा उभारला होता. पण ११२७ सालीं जुर्चेन लोकांनीं तें शहर जिंकलें आणि तो मनोरा सोडवून नेला. ग्रंथ मागें राहिला, यंत्र गेलें. तें यंत्र राजवाड्याचें होतें. गांवाच्या रोजच्या व्यवहारांत तें शिरलेलें नव्हतें, म्हणून राजवाड्याबरोबर तेंही गेलें.

युरोपांत निराळें घडलें. तेराव्या शतकाच्या अखेरीस तेथें वजनावर चालणारें घड्याळ निघालें. इंग्लंडांतील डन्स्टेबल येथील मठांत १२८३ सालीं नवें घड्याळ बसविल्याची नोंद आहे. या यंत्राचें मर्म समजण्यास मोठ्या गणिताची जरुरी नाहीं. विहिरीच्या रहाटावरून भरलेली घागर हातांतून सुटली तर काय होतें? दोर भराभरा उलगडतो, रहाट गरगर फिरतो आणि घागर क्षणांत तळाशीं जाते. दोराला बांधलेलें वजन सोडलें तर यंत्राचेंही तसेंच होणार. तेव्हां त्या वजनाला अडवीत अडवीत खालीं सोडणारा एखादा ‘हात’ पाहिजे. त्या कारागिरांनीं तो असा योजिला : एका दातेरी चाकासमोर दोन पात्यांची उभी दांडी बसविली, आणि दांडीच्या माथ्यावर दोन्ही टोंकांना वजनें लावलेली एक आडवी पट्टी ठेविली. चाकाचा दाता वरच्या पात्याला ढकलून निसटतो, तोंच खालचें पातें दुसऱ्या दात्याला अडवितें. पट्टी एकदां उजवीकडे, एकदां डावीकडे झोके घेते, आणि प्रत्येक झोक्याला चाक एकेक दाता पुढें सरकतें. घड्याळाची ‘टिकटिक’ म्हणतात ती हीच. वाहणाऱ्या काळाचे सारखे तुकडे पाडण्याची ही युक्ति पाहिली म्हणजे त्या अनाम लोहाराला हात जोडावेसे वाटतात. तें घड्याळ अचूक होतें असें मात्र नव्हे. दिवसाकाठीं पाव तासाची चूक सहज होई, आणि राखणदाराला छायायंत्राशीं ताडून तें नीट करावें लागे. लंबकाचें घड्याळ यावयास हायगेन्स या डच शास्त्रज्ञापर्यंत, म्हणजे १६५६ पर्यंत, वाट पाहावी लागली.

या पहिल्या पिढीच्या घड्याळकारांत रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा पुरुष मला विशेष विचार करावयास लावतो. जन्म १२९२ चा. बाप लोहार, आणि तो रिचर्डच्या लहानपणींच वारला. एका मठाधिकाऱ्यानें या पोरक्या मुलास सांभाळलें, ऑक्सफर्डला शिकविलें, आणि १३२७ सालीं तो लंडनजवळील सेंट ऑल्बन्स येथील मोठ्या मठाचा मुख्य झाला. त्यानें जें घड्याळ आरंभिलें त्यांत सूर्य-चंद्रांच्या गतींबरोबर लंडनच्या पुलापाशीं येणारी भरतीही दिसावी, अशी योजना होती. राजा तिसरा एडवर्ड मठ पाहावयास आला. देऊळ पडझडीला आलेलें आणि पैसा चालला आहे घड्याळावर, हें पाहून त्यानें रिचर्डला टोंकलें. रिचर्डनें उत्तर दिलें कीं, देऊळ नीट करणारे मठाधिपति माझ्यामागून पुष्कळ येतील. पण हें काम मी अर्धवट सोडलें तर पुरें करणारा मिळावयाचा नाहीं. बोलणारा मनुष्य महारोगानें ग्रासलेला होता. १३३६ सालीं, वयाच्या पंचेचाळिशीच्या आंतच, तो वारला. घड्याळ पुढें इतरांनीं पुरें केलें.

येथवरची गोष्ट एखाद्या शालेय पुस्तकांत शोभेल. पण याच रिचर्डची दुसरीही एक गोष्ट इतिहासांत आहे. मठाच्या भोंवतालच्या गांवकऱ्यांनीं आपलें धान्य मठाच्याच गिरणींत, मठाला मोबदला देऊन दळावें, असा मठाचा हक्क होता. लोकांना तो मान्य नव्हता; ते घरोघरीं जात्यांवर दळीत. रिचर्डनें तीं जातीं जप्त केलीं आणि त्यांच्या तळ्यांची आपल्या बैठकीच्या दालनांत फरसबंदी केली. आल्यागेल्यानें त्यांवरून चालावें! पन्नासेक वर्षांनीं, १३८१ च्या मोठ्या शेतकरी-बंडांत, गांवकरी त्या दालनांत घुसले, त्यांनीं ते दगड उखडून फोडले, आणि देवाचा प्रसाद वांटावा तसे त्यांचे तुकडे आपसांत वांटून घेतले. जातें म्हणजे काय, हें आपल्या घरच्या वृद्ध स्त्रियांना सांगावयास नको. काळाचे सारखे भाग पाडणारी बुद्धि आणि दुसऱ्याच्या घरचें जातें उचलून नेणारी सत्ता हीं दोन्ही एकाच माणसांत नांदूं शकतात, हा या कथेचा बोध मला शास्त्राहूनही मोलाचा वाटतो.

मठाबाहेर, शहरांत, या घंटेनें काय केलें तें आतां पाहूं. इटलींतील मिलान शहरीं १३३६ सालीं एका देवळाच्या मनोऱ्यावर अहोरात्राचे चोवीस सारखे तास वाजविणारें घड्याळ लागलें. पादुआ येथील जोव्हान्नी दे दोंदी या वैद्यानें सोळा वर्षें खपून १३६४ सालीं सात तबकड्यांचें ग्रहगति दाखविणारें घड्याळ सिद्ध केलें. त्यानें त्याचें वर्णन इतकें तपशीलवार लिहून ठेविलें, कीं विसाव्या शतकांत त्यावरून त्याच्या प्रतिकृति तयार करतां आल्या. त्याच्या घराण्याला लोक ‘घड्याळवाले’ म्हणूं लागले. आडनांवें पडण्याची तऱ्हा सर्वत्र सारखीच! प्राग शहरांतील प्रसिद्ध घड्याळ १४१० चें. तें अद्याप चालू आहे. शेजारच्या शहराला घड्याळ आहे आणि आपल्याला नाहीं, ही गोष्ट त्या नगरवासियांना कमीपणाची वाटे.

पण घंटा नुसती शोभेची नव्हती. उत्तर फ्रान्समधील आम्यँ हें लोंकरी कापडाचें शहर. तेथील कारभाऱ्यांनीं राजाकडे एका खास घंटेची परवानगी मागितली, व ती १३३५ सालीं मिळाली. मजुरांनीं सकाळीं कामास केव्हां जावें, जेवावयास केव्हां सुटावें, परत केव्हां यावें आणि संध्याकाळीं काम केव्हां थांबवावें, हें त्या घंटेनें सांगावयाचें. १३५५ सालीं एर-स्युर-ला-लीस या गांवालाही अशाच घंटेची परवानगी मिळाली. आजवर मजुराचा दिवस सूर्य ठरवीत होता. आतां तो मालकांच्या हातांतला दोर ठरवूं लागला. भांडणें झालीं. घंटा लवकर वाजविली, उशिरां वाजविली, अशा तक्रारी आल्या. कोठें कोठें कामकऱ्यांनीं घंटेचाच ताबा घेतला, आणि बंडाच्या इशाऱ्यासाठीं ती वाजविणाऱ्यास जबर शिक्षा असावी असे नियम झाले.

मग ही घंटा गुलामगिरीची म्हणावी काय? माझें मन तसें म्हणावयास घेत नाहीं. जोंपर्यंत तास ताणला जात होता, तोंपर्यंत ‘मी जास्त राबलों’ ही मजुराची तक्रार मापतांच येत नव्हती. हिवाळ्याचा व उन्हाळ्याचा तास एक झाला, आणि श्रमाला माप मिळालें. पुढें कामाचे तास किती असावेत यावर जीं भांडणें झालीं, आणि अखेर आठ तासांच्या दिवसाची मागणी उभी राहिली, ती याच समान तासाच्या पायावर. माप हें ज्याच्या हातीं असेल त्याचें हत्यार असतें. पण तें उघड्यावर, मनोऱ्यावर टांगलेलें असलें, कीं दुसऱ्यालाही त्याचा दाखला देतां येतो. शास्त्राचेंही तसेंच. आम्यँला घंटा मिळाली त्याच १३३५ सालीं ऑक्सफर्डच्या विल्यम हेट्सबरीनें आपला ग्रंथ लिहिला. सारख्या प्रमाणांत वेग वाढत जाणारी वस्तु एका ठराविक काळांत किती अंतर तोडील, याचा नियम त्यांत आहे : मध्यावरच्या वेगानें ती सबंध काळ चालली असती तर जेवढें तोडतें, तेवढेंच. एक गोष्ट दुसरीचें कारण होती असें मी म्हणत नाहीं. तरी काळाकडे सारख्या भागांची रांग म्हणून पाहावयास त्या पिढीची नजर सरावत होती, हें खरें. १३७७ सालीं निकोल ओरेम या फ्रेंच पंडितानें तर आकाशाच्या गतीलाच, कारागिरानें चालू करून सोडून दिलेल्या घड्याळाची उपमा दिली.

समान तासाचा हा दुसरा गुण मला पुस्तकांत कळला त्यापूर्वीं घरांत कळला होता. सुमारें सत्तर वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचें एकत्र कुटुंब सतरा माणसांचें. ओटीवर लंबकाचें मोठें घड्याळ असे. दर रविवारीं आजोबा स्वतः त्याला किल्ली देत, इतरांनीं हात लावावयाचा नाहीं. त्याचे टोले सबंध वाड्यांत ऐकूं येत. नवाचे टोले म्हणजे कचेरींत जाणाऱ्यांचीं पानें, साडेदहाचा म्हणजे शाळेची पंगत. टोल्यांनीं पुरुषांची व मुलांची कामें सुरू होत आणि संपत. स्वयंपाकघरांतील बायकांचीं कामें सुरू तेवढीं होत. संपल्याचा टोला त्यांत नव्हता. आमच्या धाकट्या काकू एकदां हंसत म्हणाल्या, “तुमचें घड्याळ वाजतें, माझें नुसतें चालतें.”

या काकूंना मॅट्रिकच्या परीक्षेला बसावयाचें होतें. लग्नामुळें शाळा सुटलेली. अक्कल तल्लख, इच्छा मोठी. पण वेळ कोठून आणावयाचा? वेळ नव्हता असें नाहीं. दुपारीं उष्टींखरकटीं आटोपल्यावर घर निजत असे. परंतु तो वेळ कोणाचाच नव्हता, म्हणून तो सर्वांचा होता. पुस्तक उघडावें तों कोणाला पाणी हवें, कोणाचें मूल रडे, कोणी पाहुणा येई. सासऱ्यांशीं समोर उभें राहून बोलण्याची तेव्हां रीत नव्हती. काकूंनीं आजीकरवीं निरोप पाठविला : “मामंजींना म्हणावें, दोनच्या टोल्यापासून चारच्या टोल्यापर्यंतचा वेळ मला द्यावा. त्यापुढें मागें मी कांहीं मागणार नाहीं.”

आजोबा थोडा वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशीं जेवतांना त्यांनीं सर्वांदेखत सांगितलें, कीं दोन ते चार धाकट्या सूनबाईला कोणीं हांक मारावयाची नाहीं. पाणी लागेल त्यानें उठून घ्यावें. आत्याबाईंना तें रुचलें नाहीं. दोन-चार दिवस भांडीं जरा मोठ्यानें वाजलीं. पण टोला हा कोणाच्याच बाजूचा नसतो. त्याच्याशीं वाद घालतां येईना. आजीही थोड्याच दिवसांत दोन वाजले, कीं “अग, तुझे वाजले,” असें म्हणून काकूंच्या हातचें काम काढून घेऊं लागली. काकूंना पहिल्या खेपेस गणितांत यश आलें नाहीं. दुसऱ्या खेपेस त्या पास झाल्या, आणि पुढें प्राथमिक शाळेंत त्यांनीं बरींच वर्षें शिकविलें. ‘थोडा वेळ मिळाला कीं वाचीत जा’ असें त्यांना पूर्वीं सर्वच म्हणत असत. त्या सदिच्छेनें कांहीं साधलें नव्हतें. दोनपासून चारपर्यंत, असें माप पडलें, तेव्हां साधलें.

त्या मनोऱ्यांच्या घंटा आपल्या मुलखाला अगदींच परक्या नाहींत. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, तेव्हां तेथील पोर्तुगीज देवळांतून मराठ्यांनीं घंटा आणल्या. नाशिकचें नारोशंकराचें देऊळ व भीमाशंकर येथें त्या आजही पाहावयास मिळतात. ज्या परंपरेंतल्या घंटांनीं तिकडे प्रार्थनेची वेळ सांगितली, त्या इकडे येऊन आरतीच्या झाल्या. आणि घंटेचा दोर कोणाच्या हातीं असावा, हा वादही आपण पाहिला आहे. १९०६ सालीं सबंध देशाची प्रमाणवेळ ठरली, ती मुंबईच्या वेळेहून सुमारें ३९ मिनिटें पुढें होती. मुंबईकरांना तें आपल्यावरचें आक्रमण वाटलें. गिरण्यांतील मजुरांनीं निषेध केला, आणि महापालिकेनें तर १९५५ पर्यंत आपली जुनी वेळच पाळली. म्हणजे आम्यँच्या विणकरांचा प्रश्न सहाशें वर्षांनीं परळच्या गिरणींतही जिवंत होता.

आज प्रत्येकाच्या खिशांत क्षणाचाही फरक न पडणारें घड्याळ आहे. मनोरा नाहीं, दोर नाहीं, किल्ली द्यावयाची नाहीं. पण पूर्वींची घंटा सर्वांसाठीं एकदम वाजे, आणि संध्याकाळीं ‘आतां पुरें’ असें सर्वांना एकदम सांगे. आजची घंटा प्रत्येकाला वेगवेगळी व केव्हांही हांक मारते. रात्रीं दहा वाजतां कचेरीचा निरोप येतो, जेवतांना येतो, देवापुढें बसलें असतांही येतो. चलाख यंत्राच्या बळावर आपण पुन्हां त्याच रबरी तासाकडे चाललों आहोंत कीं काय, अशी शंका येते. फरक इतकाच, कीं पूर्वीं तो सूर्य ताणी, आतां माणूस ताणतो.

म्हणून वाचकांना, आणि विशेषतः घरांतील कर्त्या मंडळींना, माझें एवढेंच सांगणें आहे. आपल्या घरांत कामाला बोलावणाऱ्या घंटा किती आहेत, हें एकदां मोजून पाहावें. आणि काम थांबविण्यास सांगणारी एक तरी आहे काय, तेंही पाहावें. नोकरी करून येणारी सून असो, परीक्षेचा विद्यार्थी असो, किंवा पहांटेपासून उभी असलेली आई असो, प्रत्येकाला दिवसांतून एक तास असा असावा, कीं जो सर्वांना ठाऊक आहे आणि ज्यांत कोणी हांक मारीत नाहीं. तो प्रेमानें दिला जाईल तर उत्तमच. पण त्याची वेळ ठरवावी, आणि ती सर्वांदेखत सांगावी.